दातांच्या डॉक्टरांकडे अडकलेले नवग्रह

जावयाने समिधा धुतल्या. गोष्ट एवढीच होती, पण तिच्यापायी सात मजल्यांची इमारत भर सकाळी रस्त्यावर उतरली.

त्याचा हेतू वाईट नव्हता. पार्सलमधून सुतळीने बांधलेल्या नऊ जुड्या आल्या होत्या, प्रत्येक ग्रहाची लाकडं वेगळी. वाटेतली सगळी धूळ त्यांच्यावर बसलेली, आणि शनीच्या जुडीत एक मुंगळा मरून पडलेला. जावई स्वच्छतेचा भोक्ता. आदल्या दुपारी सासूबाई बाहेर गेलेल्या असताना त्याने त्या साऱ्या काड्या बेसिनमध्ये घेतल्या, नळाखाली चोळचोळून धुतल्या, टॉवेलने टिपल्या आणि पुन्हा होत्या तशा बांधून ठेवल्या. कुणाला सांगितलंही नाही. चांगलं काम करून गप्प राहण्यात एक वेगळाच थाट असतो. तो थाट आपल्याला परवडणारा नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

होम त्यांच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे होता. डॉक्टरांच्या पत्रिकेत शनी नको त्या घरात ठाण मांडून बसला होता आणि दवाखान्यातल्या खुर्चीत कुणीच बसत नव्हतं. डॉक्टरांनी या दोन गोष्टींची सोयरीक जुळवून टाकली होती. जावई तिथे पाहुणा म्हणून नव्हे, जामीन म्हणून हजर होता. त्या इमारतीतले स्मोक डिटेक्टर त्यानेच बसवलेले. धूर शोधणं हा त्याचा धंदा आणि धूर करणं हा त्याच्या सासूबाईंचा, त्यामुळे घरात धुराची दोन्ही टोकं होती म्हणायला हरकत नाही. डिटेक्टर झाकायची काही गरज नाही, होमाच्या एवढ्याशा धुराने तो वाजत नसतो, असं त्याने डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. कोरड्या समिधांच्या बाबतीत ते खरंही होतं.

रवीची रुईची काडी कुंडात पडली आणि पेटायच्या ऐवजी फुसफुसली. चंद्राचा पळस रडायला लागला. मंगळाच्या खैराने तोंड काळं केलं, पण पेट काही घेतला नाही. शनीची पाळी येईतो खोलीतली माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत होती. सासूबाईंनी शमीची काडी तुपात बुडवून आहुती दिली मात्र, छतातून असा काही आवाज सुटला की डॉक्टरांना क्षणभर वाटलं, शनीच बोलला.

मग सगळी इमारत जिन्याने खाली. कुणाच्या गालाला दाढीचा फेस, कुणाच्या हातात अर्धी इस्त्री झालेली पँट, डॉक्टर रेशमी सोवळ्यात. सोसायटीचे अध्यक्ष जहाजावरून निवृत्त झालेले, त्यांना सगळे कॅप्टनच म्हणत. ते फूटपाथवर उभे राहून माणसं मोजत होते, जहाज बुडताना मोजत असतील तशी. त्या गदारोळातही जावयाच्या मनाच्या एका कोपऱ्यात चोरटा आनंद होता, की आपला अलार्म वाजला मात्र कसा खणखणीत.

सासूबाई सगळ्यांत शेवटी आल्या, कुंडावर झाकण घालून, हातातली तुपाची वाटी न सांडता. जावयापाशी येऊन त्यांनी अगदी हळू विचारलं, "जावईबापू, समिधा धुतल्यात?"

"हो आई. फार धूळ होती."

सासूबाईंनी मान डोलावली आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांची कसर लेकीने भरून काढली. ती जिना चढताना बोलली, घरी जाऊन बोलली, आणि दमल्यावर बसून बोलली. समिधा धुणारा माणूस उद्या काड्यापेटीही धुवील, हे त्यातलं सर्वांत प्रेमळ वाक्य.

सासूबाईंची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. कानाला हेडफोन, समोर तारांचं जंगल, आणि दोन गावं एकमेकांशी बोलायची ती यांच्या मेहेरबानीने. पुढे यंत्रं आली, खुर्च्या उठल्या, सासूबाईही उठल्या. सासरे त्याच्या आधीच गेले होते. रिकाम्या घरात त्यांना एकटेपणाचा झाला नसेल तेवढा शांततेचा त्रास झाला. गल्लीत एक म्हातारे गुरुजी बायकांना पौरोहित्य शिकवत. सासूबाई तिथे नुसत्या वेळ काढायला म्हणून गेल्या. बरोबरच्या बाकीच्या साध्या पूजेपर्यंत जाऊन थांबल्या, या थेट ग्रहांपर्यंत पोचल्या. यात नवीन ते काय, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर हेच तर केलं. नाव स्पष्ट घ्यायचं, गोत्र सांगायचं म्हणजे लाइन भलत्या घरी लागत नाही, पलीकडून उचलेपर्यंत थांबायचं, आणि बोलणं चालू असताना मध्येच तोडायचं नाही.

ग्रहांविषयी त्या ऑफिसातल्या माणसांविषयी बोलावं तसं बोलत. रवी म्हणजे मोठे साहेब, आधी त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढचं काही हलायचं नाही. बुध हुशार, पण खुर्चीत सापडेल तर शपथ. शुक्राला टेबल नीटनेटकं लागतं. राहू-केतू ही जोडगोळी, एकाला घातलेलं दुसऱ्याला मिळालंच पाहिजे. शनीचं नाव मात्र लोक कुजबुजत घेत, आणि त्याचं सासूबाईंना हसू येई. त्या सांगत, अहो, तो कामाला हळू आहे एवढंच, पण त्याच्याकडून कागद कधी हरवत नाही. पत्रिका हातात धरून, शिक्षा ऐकायला आल्यासारखी आलेली माणसं चहा पिऊन उठत तेव्हा तीळ आम्हीच आणतो म्हणून जात.

लेकीच्या शहरात राहायला आल्यावर त्यांनी मागची खोली घेतली आणि तिचं बघता बघता एक्स्चेंज केलं. खिडकीखाली तांब्याचं कुंड, फळीवर नऊ धान्यांचे नऊ डबे, कोपऱ्यात दर्भाची पेंढी. जावयाकडे राहता का, असं कुणी विचारलं की त्या चूक दुरुस्त करत. मी लेकीकडे राहते, जावई तिथेच असतात. जावयाची याला तक्रार नव्हती. त्याचा ग्रहांवर जेमतेम विश्वास, पण सासूबाईंवर पुरता. कुंड गाडीत चढवायचं, उतरवायचं, आणि लिफ्टमध्ये त्या शिरल्या की माणसं आपोआप अंग चोरून जागा करतात ते मागे उभं राहून बघायचं, एवढ्यावर तो खूश असे.

अलार्मच्या दिवशी संध्याकाळीच कॅप्टननी फर्मान काढलं की इमारतीत उघडा विस्तव बंद. त्यांचंही काही चुकत नव्हतं. जहाजावर आग लागली तर उडी टाकायला निदान समुद्र तरी असतो, असं ते म्हणाले आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पार्किंगकडे बोट दाखवलं.

पण पंचाईत निराळीच झाली होती. होम अर्ध्यावर थांबला होता. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात चौरंगावर नऊ धान्यांच्या नऊ राशी, त्यांवर मंत्राने बोलावलेले नऊ ग्रह, आणि त्यांचं जेवण अर्धवट. आहुत्या पुऱ्या करून, विसर्जन करून त्यांना निरोप द्यायचा, तोवर पाहुणे पाहुणेच. नवग्रह डॉक्टरांकडे अडकले ते अडकलेच.

डॉक्टर जावयाला उठसूट फोन करू लागले, तेही आवाज खाली आणून, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. टीव्ही लावला तर चालेल का. सोफ्याकडे जायच्या वाटेत राहूचे उडीद आहेत, ओलांडावेत की वळसा घालावा. खिडकी उघडली की शनीचे तीळ उडून शुक्राच्या राशीत जातात. गुरूच्या हरभऱ्यांना भुंगा लागलाय, तो मारायचा की तोही गुरूचाच. परवापर्यंत मंगळ आणि बुध यांच्यात फक्त वारांचा फरक जाणणारा जावई आता जाणत्याच्या थाटात उत्तरं देऊ लागला. तीळ चिमटीने उचला, पण आधी माफी मागा.

कुणीतरी सुचवलं की चार अक्षता टाकून ग्रहांना उठवता येतं. सासूबाई म्हणाल्या, येतं की. पण पंगतीला बोलावून बसवलेल्या माणसाला उपाशी उठवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

आणि त्या रिकाम्या बसल्या. रिकाम्या बसलेल्या सासूबाई ही काय चीज असते, हे जावयाला तेव्हा समजलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. त्याच्या हत्यारांच्या पिशवीतले स्क्रू आकारावारी वेगळे झाले आणि त्यामुळे त्याला एकही वेळेवर सापडेना. हे सगळं सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हतं ते हे, की त्यांचा आवाज बसत चालला होता. दोन गावांना पुरून उरणारा तो आवाज आता स्वयंपाकघराच्या दारातून 'राहू दे, मी नंतर घेते' असं म्हणू लागला.

एकदा जेवताना त्यांनी ताटाकडे बघत सांगून टाकलं. धाकट्या बहिणीच्या घराला अंगण आहे, ती कधीची बोलावतेय. इथे विस्तव पेटणार नसेल तर तिकडेच जाऊन राहीन म्हणते. तिथे निदान चार माणसं कामासाठी दार वाजवतील. लेकीचा घास हातातच राहिला. सासूबाई निघाल्या म्हटल्यावर जावयाने मोकळा श्वास सोडावा अशी जगाची अपेक्षा असते. याने मात्र पोळीचा तुकडा आमटीऐवजी पाण्याच्या पेल्यात बुडवला, आणि समिधा आपणच धुतल्या हे आठवून तो तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तो सासूबाईंना घेऊन कॅप्टनांकडे गेला. त्याने भाषण तयार केलं होतं. तळमजल्याचा हॉल मोठा आहे, खिडक्या चांगल्या आहेत, होमापुरती डिटेक्टरला रीतसर टोपी घालता येते, ती मी घालीन, मीच काढीन, आणि तोवर आग विझवायचं नळकांडं घेऊन स्वतः उभा राहीन. कॅप्टननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपीला साफ नकार दिला. पहारेकऱ्याला झोपेची गोळी द्यायची आणि रात्री चोरी झाली नाही म्हणून सांगायचं, हे त्यांना पटेना. हॉल देतो, म्हणाले, पण डिटेक्टर उघडा राहील. वाजला नाही तर हॉल बाईंचा, केव्हाही मागा. वाजला तर या इमारतीत होमाचं नाव पुन्हा निघणार नाही.

जावई विचाराला वेळ मागणार तोच सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"ठरलं कॅप्टन. वाजला तर मी तुमच्याकडे पुन्हा येणार नाही."

आवाज असा होता की आतून कॅप्टनच्या सूनबाई डोकावून गेल्या. जिन्यात जावयाने विचारलं, एवढी घाई कशाला केलीत. सासूबाई म्हणाल्या, घाई मला नाही, डॉक्टरांच्या हरभऱ्यांना आहे.

नव्या समिधा मागवल्या गेल्या. आल्या त्या दिवसापासून जावयाला त्या जुड्या आणि नळ यांच्या मध्ये उभं राहायलाही बंदी होती. काही समिधा फ्रिजच्या माथ्यावर सुकल्या, काही गच्चीवर उन्हात, आणि शमीची जुडी जावयाच्या पलंगाखाली वर्तमानपत्रावर, कारण त्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जात होता. सासूबाई रोज एकेक काडी वाकवून बघत. वाकली तर परत ठेवायची, कट्‌कन मोडली तर पास.

जावयानेही आपली विद्या काढली. जेवणाच्या टेबलावर वाटी म्हणजे कुंड आणि मिठाची बरणी म्हणजे डिटेक्टर असं मांडून तो समजावू लागला. या यंत्राला ज्वाळा कळत नाही. त्याला कळतो तो आळशी धूर, धुमसणाऱ्या लाकडाचा, जाड आणि थंड. आग रसरशीत असली तर धूर विरळ होऊन उष्णतेबरोबर पांगतो. सासूबाईंनी हात थांबवून मिठाच्या बरणीकडे पाहिलं. आहुती पेटत्या ज्वाळेत द्यायची, धुमसत्यावर नाही, हे त्यांच्या गुरुजींनी पहिल्याच धड्याला सांगितलं होतं. म्हणजे तुमचं यंत्र आमच्याच वर्गातलं निघालं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी बरणी उचलली आणि आमटीत मीठ घातलं.

पुढचं भांडण जागेवरून झालं. सासूबाईंना कुंड हॉलच्या मधोमध हवं आणि यजमानाचं तोंड पूर्वेला. जावयाला कुंड उत्तरेच्या खिडकीपाशी हवं, वारा तिकडून निघून जातो म्हणून. दोघांनी हॉल असा मापला की बघणाऱ्याला वाटावं, विकत घेतायत. शेवटी पूर्व हलली नाही, वारा हलला. समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवायच्या आणि पंखे बंद, यावर समेट झाला.

मग ग्रहांना खाली आणायचं. बसवलेला चौरंग एरवी हलवत नाहीत, पण सासूबाईंनी तिढा सोडवला. पाहुण्यांना जागेवरून उठवायचं तर विचारून उठवावं. त्या चौरंगासमोर हात जोडून उभ्या राहिल्या, खाली जागा मोठी आहे असं सांगितलं आणि पलीकडून उत्तर यायची वाट बघावी तशा कान देऊन थांबल्या. मग म्हणाल्या, चला, यायला तयार आहेत. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला जावई, असा चौरंग लिफ्टमध्ये शिरला. लिफ्टमध्ये चार माणसांची परवानगी होती. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, बाहेर कॅप्टन उभे. त्यांनी आतली माणसं मोजली, चौरंगावरच्या राशी मोजल्या, आणि मी जिन्याने येतो म्हणाले.

होम सुरू झाला. कापूर, गोवरीचे तुकडे, बारीक काटक्या, आणि त्यावर रुईची पहिली काडी. ती पडताच पेटली. पळस पेटला, खैर पेटला. आघाडा, पिंपळ, उंबर एकामागून एक सरळ ज्वाळेत गेले. सासूबाईंचा आवाज पहिल्या मंत्राला थोडा घसरला, दुसऱ्याला सावरला, आणि तिसऱ्याला हॉलच्या भिंतींना जाऊन टेकला. कॅप्टन दाराशी उभे होते, विझवायचं नळकांडं छातीशी धरून, बारशाला बाळ धरतात तसं. जावयाचं लक्ष मंत्राकडे नव्हतं, कुंडाकडेही नव्हतं. तो छताकडे बघत होता. डिटेक्टरचा बारीक लाल दिवा थांबून थांबून लुकलुकत होता. ठीक आहे, ठीक आहे, असं म्हणत असल्यासारखा.

शनीची पाळी आली आणि डॉक्टरांना गहिवरून आलं. इतके दिवस आपल्या घरी उपाशी बसलेला देव. चिमूटभर तीळ टाकायचे, त्यांनी ओंजळभर टाकले, वर तुपाची अख्खी वाटी. ज्वाळा बसली. कुंडातून पांढरा, जाड लोळ उठला आणि कुणी पत्ता दिल्यासारखा सरळ छताकडे निघाला.

जावई अर्धा उठला. कॅप्टननी नळकांड्याची खीळ चाचपली. डॉक्टर पुठ्ठ्याने वारा घालायला वाकले. सासूबाईंनी मंत्र थांबवला, नुसता तळहात वर केला.

"कुणी हात लावू नका. पेटू दे."

सगळे जागच्या जागी थिजले. सासूबाईंनी पलंगाखालच्या जुडीतली एक काडी घेऊन कुंडाच्या कडेच्या निखाऱ्याला टेकवली आणि बसून राहिल्या. पलीकडून फोन उचलेपर्यंत थांबायची ज्या बाईला जन्माची सवय, तिला घाई ती कसली. धूर छताला लागला, पसरला, आळसावलेल्या मांजरासारखा डिटेक्टरच्या भोवती फिरला. लाल दिवा लुकलुकला. मग इतका वेळ लुकलुकलाच नाही, की जावयाने डोळे मिटून घेतले.

कुंडात काहीतरी कट्‌कन तडकलं. शमी पेटली होती. ज्वाळा तिळांमधून वर आली, लोळ मध्येच तुटला आणि खिडक्यांच्या वाऱ्याला लागून दोन्हीकडे पांगला. जावयाने डोळे उघडले तेव्हा दिवा पुन्हा आपल्या नेहमीच्या तालावर लुकलुकत होता. कॅप्टन त्या सकाळी पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"हां. आता द्या डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "चिमूटभर. त्याला अपचन नको."

पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. राहूला दूर्वा, केतूला दर्भ, पूर्णाहुती, आणि मग एकेकाचं नाव घेऊन निरोप. शनीपाशी सासूबाई जरा थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, उशीर झाला, राग नसावा, तुम्हाला उशिराची सवय आहे म्हणा. डॉक्टरांनी चौरंगासमोर डोकं टेकलं ते उचलायलाच तयार होईनात. त्यांच्या दवाखान्यात पुढे माणसं आलीही आणि नाहीही आली, पण दाराकडे डोळे लावून बसायचं त्यांनी सोडलं. त्या दिवशी तर आपला दिवाणखाना आपल्याला परत मिळाला, एवढ्यानेच त्यांचे ग्रह फिरल्यासारखे दिसत होते.

कॅप्टन जाताना सासूबाईंपाशी आले. परवानगीचा शब्द त्यांनी काढला नाही. हॉल शनिवारी धुतात, म्हणाले, तो शुक्रवारी धुवायला सांगतो, तुम्हाला शनिवार लागत असेल. शिवाय वाळूच्या दोन बादल्या ठेवतो. सासूबाई म्हणाल्या, ठेवा, कुंडाखाली घालायला वाळू मला लागतेच.

माणसं पांगली. सासूबाईंनी हॉलच्या पायरीवर बसून बहिणीला फोन लावला आणि आपण येत नसल्याचं कळवलं. खरं तर फोनची गरज नव्हती, तो आवाज बहिणीच्या गावाला तसाही पोचला असता. लेक चौरंग पुसता पुसता तोंड फिरवून हसत होती. जावई कुंडाशी उकिडवा बसून गार झालेली राख पत्र्याच्या डब्यात भरत होता. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि ते धुरानेच झालेत असं त्याने कुणी न विचारता दोनदा सांगितलं होतं.

फोन ठेवून सासूबाई आत आल्या आणि तुपाची पळी फडक्याने पुसू लागल्या. जावयाने एकदा छताकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"आई, खरं सांगा. तो वाजला असता तर?"

"तर म्हटलं असतं, जावयाने बसवलाय, मनावर घेऊ नका."